आक्कांचं हिरवं बटण

"उगवलं गं, उगवलं!" एवढंच ओरडून आक्का फोन ठेवायच्या. काय उगवलं, ते फक्त मला कळायचं.

आक्का कोल्हापुरात वधू-वर सूचक केंद्र चालवायच्या. जिन्याखालची एक खोली, जुना कॉम्प्युटर आणि त्यात मी करून दिलेला प्रोग्राम. जोडी सुचवली की तिचा एक फॉर्म भरायचा. तळाशी हिरवं बटण: 'जमलं'. ते दाबलं की दोन्ही स्थळं यादीतून बाहेर.

भानगड अशी की आक्कांना दम निघायचा नाही. मुलाकडच्यांनी पोह्यांची बशी रिकामी केली की ह्यांनी बटण दाबलंच! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना? इथे नवरा राहिला बाजूला, बाशिंग आक्कांच्याच गुडघ्याला. अशानं कळंब्याचा एक मुलगा यादीतून उडाला, आणि मुलीकडच्यांनी तर नकार दिलेला. त्याच्या आईनं दारात येऊन आक्कांची चांगली खरडपट्टी काढली.

मग मी ते बटण लपवलं. दोन्हीकडच्या होकाराच्या चौकोनात खूण झाली, तरच ते दिसणार.

"माझ्याच दुकानात माझ्यापासनं दडवतीस व्हय गं?" आक्का दोन दिवस फुगून होत्या. पण पहिल्यांदा दोन्ही खुणा पडल्या, बटण समोर आलं, आणि त्यांनी अशा टाळ्या पिटल्या की शेजारचा शिंपी धावत आला. तेव्हापासून आधी मला फोन, मग बटण. लग्नं लोकांची, पण माझा अख्खा दिवस आनंदात जायचा.

पन्हाळ्याचे एक पावणे भाचीसाठी स्थळ बघायला यायचे. एसटीतले निवृत्त कंडक्टर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आक्काही एकट्याच, नवरा गेलेला, मुलगा पुण्याला. भाचीचं लग्न झालं, तरी पावण्यांच्या खेपा थांबेनात. "हिकडनंच चाललोतो," म्हणायचे. पन्हाळ्याचा माणूस रोज जिन्याखालून कुठे चाललेला असतो, ते तुम्हीच ओळखा.

एका दुपारी फोन आला. "पोरी, तुझा प्रोग्राम बिघाडला. बटण उगवंना. ये लगीच."

गेले. फॉर्मवर वराच्या जागी पावण्यांचं नाव, आणि वधूच्या जागी आक्कांचं! मी बघतच राहिले.

"पावणं स्वतः खूण करून गेलं. लाजून जे पळालं, ते पळालंच. पोरगाबी म्हणतोय, आई, कर. तरी बटण न्हाय!"

प्रोग्राम ठणठणीत होता. एक चौकोन तेवढा रिकामा होता.

"आक्का, वधूचा होकार राहिलाय."

आक्का हळूच म्हणाल्या, "मला कुणी इचारलंच न्हाय की गं."

मी खुर्ची ओढून समोर बसले. "आक्का, स्थळ पसंत आहे का?"

त्यांचे डोळे भरले, पण ओठ हसत होते. "हाय की! भांडायला हक्काचं माणूस मिळतंय, सोडतो व्हय?"

खूण झाली. बटण आलं. या वेळी टाळी नाही. आक्कांनी पदरात तोंड लपवलं. "तूच दाब," म्हणाल्या. मी मुळीच दाबलं नाही. शेवटी त्यांनीच दाबलं.

आता त्या खोलीत दुसऱ्या बाई बसतात. नीट, हळू बोलतात. मला मेलीला चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा न राहवून पन्हाळ्याला फोन लावला.

"आक्का, कोल्हापूरला कधी येताय?"

"आज न्हाय गं. ह्यांना घिऊन जोतिबाला निघालोय."

आक्कांच्या तोंडून 'ह्यांना' मी पहिल्यांदाच ऐकलं. फोन ठेवून कितीतरी वेळ एकटीच हसत बसले.