बरोबरीत सुटलेली कुस्ती

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत, म्हशीचं धारोष्ण दूध मिळायचं त्या दूध कट्ट्यासमोरच्या दुकानात टीव्ही होता. क्रिकेटची कसोटी असली की आम्ही दुधाचे ग्लास घेऊन तिथंच उभे. त्या गर्दीत एक म्हातारा पैलवान असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कान मोडलेले, आणि ग्लास दोन्ही पंजांत असा धरलेला, की जणू कुणी हिसकावून नेईल.

त्या दिवशी शेवटचा तास होता. समोरच्यांची एकच विकेट उरली होती, आणि स्लिपमधल्या आपल्या गड्यानं पोटाशी आलेला कॅच सोडला. आम्ही ठेवणीतल्या शिव्या काढल्या. टीव्हीवर तो खाली वाकून हात जमिनीला घासत होता.

पैलवान पुटपुटला, "आता माती लावून काय उपेग?"

सामना अनिर्णित राहिला. पाच दिवस खेळून निकाल नाही, हे कोल्हापूरला पचत नाही. तरी मी म्हणालो, "हरलो तर न्हाय की, पैलवान!"

"हरलेला गडी रडून मोकळा हुतो, पावणं. माझी एक मोठी कुस्ती बरोबरीत सोडवली. गडी खाली घेतलेला, मनगट माझ्या हातात. पर घामेजल्या हाताला माती लावायची राहिली, आन् मनगट निसटलं. पंचांनी दोघांचंबी हात वर केलं. लोक टाळ्या वाजवत हुते की!"

त्यानं रिकामा ग्लास ठेवला आणि तळवे धोतराला पुसत निघाला. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो ते पुसतच होता.