दाराकडे वळवलेले बूट

"ग्रँड आहे."

दादांचं बोलणं इथून सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा इथेच संपायचं. आयर्लंडमध्ये 'ठीक आहे' या अर्थानं हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो. पाऊस थांबला, ग्रँड. पाय मोडून महिना झाला, आता कसं आहे, ग्रँड. पण दादा तो म्हणताना उजवा हात किंचित वर करायचे, बसमधून उतरताना ड्रायव्हरला करतात तसा, आणि समोरच्याचा पुढचा प्रश्न तिथेच अडायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं खरंच बरं चाललंय का हे तोंडाकडे बघून कळत नाही.

मूळचे नागपूरचे. आमच्याच ऑफिसात, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. डब्लिनजवळ स्वोर्ड्सला त्यांचं घर आमच्या घरापासून चार दारं सोडून. इथे नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्या रविवारी दादा पकडायचे आणि आधी गावातला किल्ला, मग तो उंच गोल दगडी मनोरा दाखवायला न्यायचे. तिथला प्रत्येक बोर्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, हा त्यांचा नियम. आपण पुढे सरकलो की मागून आवाज यायचा, "अगं, कुठे पळून राहिली? हा राहिला ना." मी पुण्याची असल्यामुळे मला किल्ल्यांचं कौतुक कुणी शिकवायची गरज नव्हती, पण थंडीनं कान बधिर होईपर्यंत मीही ते सगळे बोर्ड वाचले आहेत. नंतर त्यांच्या घरी वहिनींच्या हातचं जेवण असायचं, म्हणून वाचले.

वहिनींची एक सवय होती. त्यांच्या घराचा पोर्च अगदी छोटा, दोन माणसं उभी राहिली की भरला. पाहुणे तिथे बूट काढून आत जायचे. आम्ही जेवत असताना वहिनी मध्येच उठायच्या आणि सगळ्यांचे बूट फिरवून दाराकडे तोंड करून ठेवायच्या. निघताना वाकायला नको, वळायला नको, पाय घातला की माणूस रस्त्याला. "बाहेर पाऊस, अंगावर पोरं, त्यात बूट कुठे शोधत बसता," म्हणायच्या. त्यांच्या स्वतःच्या जांभळ्या क्रॉक्स मात्र मीटरच्या पेटीखाली भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. बागेतून आल्या की तिथेच झटकून टाकायच्या.

वहिनी गेल्या त्या सप्टेंबरमध्ये. आजार चार महिन्यांचा. घरी शेजारपाजारचे आयरिश लोक सँडविचचे ट्रे घेऊन आले. इथे रीत अशी की माणसं एकेक करून पुढे येतात, हात हातात घेतात आणि "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणतात. दादा प्रत्येकाला म्हणाले, "ग्रँड, ग्रँड." एक म्हातारी शेजारीण त्यांच्याकडे बघतच राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन प्रेसमधून कप काढत बसले, म्हणजे कपाट हो, इथे राहून माझीही जीभ बिघडली आहे. निघताना पोर्चमध्ये तीसेक बूट होते, जसे काढले तसे, एकमेकांवर चढलेले. जांभळ्या क्रॉक्स भिंतीकडे तोंड करून होत्या.

त्यानंतर दादांनी वहिनींचा उल्लेख करणं बंद केलं. रडले नाहीत, चिडले नाहीत, सुट्टीही फक्त दोन आठवडे घेतली. पूर्वी तासाभरात चारदा तरी "ही म्हणाली", "हिला आवडतं", "हिला विचारून सांगतो" व्हायचं. ते बंदच झालं. कुणी दुसऱ्यानं वहिनींची आठवण काढली तर हात किंचित वर. रविवारचा किल्लाही बंद. आम्ही सगळे म्हणालो, वेळ लागतो. असं म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

त्यांची मुलगी मेनूथला युनिव्हर्सिटीत शिकते. शुक्रवारी बसनं घरी यायची. एप्रिलमध्ये एकदा ती माझ्या दारात उभी राहिली, बॅग पाठीवरच. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्या पोरींसारखं.

"बाबा डझन्ट टॉक अबाउट आई. लाइक, एव्हर," ती म्हणाली. "मी तिचं नाव घेतलं की तो डिशवॉशर लावायला उठतो."

ते शेवटचं वाक्य तिनं मराठीत म्हटलं, त्यावरून मला कळलं की ती ते बरेच दिवस मनात जुळवत होती.

"मी उन्हाळ्यात तिकडेच रूम घेतेय, मावशी. वीकेंडलाही नाही येणार. देअर्स नोबडी इन दॅट हाउस. तू सांगशील त्याला?"

सांगते म्हणाले. दुसऱ्याच महिन्यात मला आणि दादांना चीनमध्ये शियामेनच्या नव्या टीमला शिकवायला तीन आठवडे पाठवत होते. विमानात सांगेन, असं ठरवलं. विमानात दादा झोपले. मग हॉटेलात, मग जेवताना, मग टॅक्सीत. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, दुसऱ्याची चूक दिसली की मिनिटभरात लिहून पाठवते. पण हे एक वाक्य पंधरा दिवस माझ्या तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या शनिवारी मीच म्हटलं, "दादा, क्वानझूला जाऊ या. ट्रेननं तासभर पण नाही. तिथल्या जुन्या वस्तीत बुद्धाचं देऊळ आहे, त्याच्या मागच्या खांबांवर आपला कृष्ण आणि नरसिंह कोरलेत म्हणे."

"चीनमध्ये?"

"चीनमध्ये."

"ग्रँड आहे," दादा म्हणाले आणि निघाले.

क्वानझू हे एकेकाळचं मोठं बंदर. जगभरचे व्यापारी तिथे आले, राहिले, मेले. म्हणून त्या जुन्या भागात चालता चालता काय काय लागतं. लाल विटांची घरं, त्यांच्या छपरांची टोकं दोन्हीकडून वर वळलेली. एका रस्त्यावर दगडी मशीद, तिच्या शेजारीच धूप कोंदलेलं देऊळ. पश्चिमेच्या बाजारपेठेत खाजा-मिठाईची दुकानं, आणि सगळीकडे डोक्यात फुलांची वलयं माळलेल्या बायका. ही तिथल्या कोळणींची रीत, आता सहलीला आलेल्या पोरीही हौसेनं माळून फोटो काढतात. मी दादांकडे चोरून पाहिलं. वहिनींना स्वोर्ड्समध्ये गजरा मिळत नाही याचं फार दुःख होतं. दादा रस्त्याच्या नावाचा बोर्ड बघत होते. चिनी अक्षरं होती, तरीही बघत होते.

देवळाच्या आवारात दोन्ही अंगांना दोन उंच दगडी मनोरे आहेत. दादांनी तिथला इंग्रजी बोर्ड पूर्ण वाचला. पण मागून मला हाक मारली नाही. पूर्वीचे दादा असते तर स्वोर्ड्सच्या मनोऱ्याशी तुलना करून माझं डोकं खाल्लं असतं.

मुख्य देवळापाशी पावसाची भुरभुर सुरू झाली. पायऱ्यांशी दादा थांबले आणि त्यांनी बूट काढले. तिथे कोणीच बूट काढत नाही. शेकडो माणसं बूट घालून जात होती. मीही काढले नाहीत, चारचौघांत वेगळं दिसायला मला आवडत नाही. दादांनी मात्र पायरीच्या कडेला बूट ठेवले आणि उंच उंबरठ्यावर पाय न देता तो नीट ओलांडला. दारावरच्या माणसानं पसंतीची मान हलवली.

मागच्या बाजूला ते खांब होते. खरंच होते. हिरवट दगड, माणसाच्या उंचीवर गोल चौकटी, आणि त्यात नरसिंह राक्षसाला मांडीवर घेऊन त्याचं पोट फाडतो आहे. दुसरीकडे झाडावर बसलेला कृष्ण. कुठलं तरी देऊळ पडलं, त्याचे खांब इथे आणून लावले. ज्यांनी कोरले त्यांचं इथे कोणी उरलं नाही, आणि ज्यांनी लावले त्यांना बहुधा गोष्ट माहीत नव्हती. दादा बराच वेळ बघत होते. आता सांगावं, असं मला वाटलं. मी मनात वाक्य जुळवू लागले. "दादा, तुमची मुलगी." "दादा, एक बोलायचं होतं." तेवढ्यात मागून गर्दी आली, आम्ही तिच्याबरोबर बाजूच्या फाटकातून बाहेर पडलो आणि गल्ल्यांत शिरलो. मी वाक्य जुळवतच होते.

तासभर तरी आम्ही त्या गल्ल्यांतून फिरलो. एक जुनी विहीर पाहिली. एका बंद दारावरचे मातीचे घोडे पाहिले. मग एका छोट्या दुकानात शेंगदाण्याचं गरम गोड सूप मिळालं. दादांनी चमचाभर घेतलं आणि म्हणाले, "हे उपासाला चालते." पंधरा दिवसांतलं त्यांचं हे सगळ्यात मोठं मत.

मी हसले, खाली रुमाल पडला, उचलायला वाकले. टेबलाखाली दादांचे पाय होते. करडे मोजे, पूर्ण भिजलेले, टाचेला चिखल.

"दादा, बूट?"

त्यांनी खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तासभर ओल्या फरशीवर, खडीवर, डबक्यांतून ते मोज्यांवर चालले होते आणि त्यांना कळलं नव्हतं.

"कळलं नाही का तुम्हाला?"

"नाही," दादा म्हणाले. हात वर केला नाही. "मला काहीच कळून नाही राहिलं गं. सप्टेंबरपासून."

मी सूपचे पैसे दिले.

आम्ही उलटे निघालो. बूट गेले असणार, असं मी धरूनच चालले होते. हॉटेलवर पोचेपर्यंत कुठून चपला घ्यायच्या याचाही विचार झाला होता. पायऱ्यांशी पोचलो तर कडेला बूट नव्हते. डोक्यात फुलं माळलेली एक म्हातारी अंगण झाडत होती. तिनं दादांच्या मोज्यांकडे पाहिलं, खो खो हसली आणि झाडूनं वळचणीकडे बोट दाखवावं तसं दाखवलं.

पावसापासून आत, भिंतीलगत, दादांचे बूट होते. कोरडे. जोडीनं, आणि फाटकाकडे तोंड करून. दादांनी काढले तेव्हा ते देवळाकडे तोंड करून होते, हे मला आठवत होतं.

दादा खाली बसले. बुटांना त्यांनी हात लावला नाही.

"ही असेच ठेवायची," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

"सगळ्यांचे ठेवायची. त्या पोस्टमनचे ठेवले होते एकदा, चहाला आला तर."

"हो, दादा."

मग मी सांगून टाकलं. कुठलंही जुळवलेलं वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "तुमची मुलगी उन्हाळ्यात घरी येणार नाही म्हणते. म्हणते, त्या घरात कोणी नाही."

दादांनी विचारलं, "किती वाजले असतील तिकडे?"

तिकडे सकाळचे दहा झाले होते. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. मुलगी झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. दादांनी फोन वळवून फक्त बूट दाखवले. ती आधी गोंधळली. मग तिचा आवाज आला, "आई."

"हो," दादा म्हणाले. "हिच्यासारखेच. नाही का?"

पोरगी रडायला लागली. दादा रडले नाहीत. त्यांनी तिला रडू दिलं, उठले नाहीत, फोन धरून बसून राहिले. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, युअर सॉक्स आर वेट. पुट युअर शूज ऑन."

आम्ही परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी ती बसनं घरी आली. रूम तिनं घेतली नाही. एका रात्रीत सगळं बदललं असं मी सांगणार नाही. दादा बरेचसे तसेच राहिले. पण ऑफिसात एकदा कॉफी ओतताना म्हणाले, "हिला ही कॉफी म्हणजे गढूळ पाणी वाटायची," आणि आम्ही तिघं-चौघं कप हातात धरून तसेच उभे राहिलो.

या हिवाळ्यात दादांनी पार पश्चिमेला, शॅननकडची नोकरी घेतली आणि एनिसला घर केलं. तीन तासांचा रस्ता. येत-जात राहू, म्हणतो आपण. आम्ही अजून गेलेलो नाही, तेही आलेले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. घरात खोकी रचलेली, ताटं कागदाची, वरण दादांनी केलेलं आणि खारट. आम्ही खात असताना मध्येच ते उठून बाहेर गेले. मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

निघताना पोर्चचा दिवा लावला. माझे बूट, माझ्या नवऱ्याचे बूट, मुलीचे, दादांचे, सगळे दाराकडे तोंड करून एका ओळीत होते. त्या ओळीत शेवटी जांभळ्या क्रॉक्स होत्या. बागेची वाळलेली माती अजून तशीच होती. त्याही दाराकडे तोंड करून ठेवल्या होत्या.

मी पाय घातले आणि वाकावं न लागता सरळ रस्त्याला लागले.