हाळी आणि ओ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढ्यावरून हळूच पुढे सरकते—जसं काही त्याला ठाऊकच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच असेल.

एका सिनेमापासून सुरुवात करते. एकदम मुद्द्याला हात घालायची माझी छाती नाही.

माझे सासरे भूगोलाचे मास्तर. मी त्यांना मामा म्हणायची. मूळचे साखऱ्याचे, पुढे हिंगोलीत घर बांधलं. सगळी हयात नकाशावरचा समुद्र शिकवण्यात गेली आणि समुद्र पाहिला तो एका जुन्या हॉलिवूडच्या सिनेमात. आमच्या घरात त्याला नाव नव्हतं, नुसतं ‘जहाजाचा सिनेमा’. दोन भाऊ, दोन जहाजं, धुक्यात एकमेकांना हरवलेली. तलवारी, दोरांवरून उड्या, तोफा. सगळं आहे त्यात. पण मामांचा जीव संगीतावर.

धुकं दाटतं तिथे सगळी व्हायोलिनं खालच्या सुरात घुटमळत राहतात. पुढे जायचंय, वाट दिसत नाही, असं. मग तीही थांबतात. आणि लांबून एकच शिंग वाजतं. एका भावाचं जहाज दुसऱ्याला शोधत असतं. मामा त्याला ‘हाळी’ म्हणायचे. आपल्याकडे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर माणूस हाळी देतो ना, तशी. शिंगानंतर थोडी शांतता येते. मग दुसऱ्या जहाजाचं शिंग उत्तर देतं, आणि सगळा वाद्यमेळ भरती आल्यासारखा उसळतो.

कॉलेजात असताना त्यांनी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला, इथल्याच पत्र्याच्या टॉकीजमध्ये. शेतातला पोरगा. हाळी आली की ओ द्यायची, एवढंच रक्तात. पहिलं शिंग वाजलं आणि मामा खुर्चीतून उठून मोठ्यांदा ओरडले, “ओऽऽ!” सगळं थिएटर हसलं. हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगायचे. त्यानंतर सिनेमा जितक्यांदा पाहिला तितक्यांदा त्या शांततेत त्यांनी ओ दिली. हळू, पण दिली.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे वेडच वाटलं. मग एकदा ते म्हणाले, “पोरी, चित्र पाहू नको. डोळे मीट अन् जहाज कुठून येऊन राहिलं ते सांग.” मी डोळे मिटले. आणि खरंच—डावीकडून आलं हो! त्या दिवसापासून मीही ऐकायला लागले. कुणाचं मन राखायला म्हणून नाही. भाजी चिरतानासुद्धा ती व्हायोलिनं माझ्या डोक्यात घुटमळायची. माहेरी मला असं काही कुणी दिलं नव्हतं.

मग मामांना लकवा झाला. डावी बाजू गेली, नजरही अधू झाली. नवरा नोकरीला पुण्यात. त्यांचं खाणंपिणं, अंघोळ, सगळं माझ्याकडे. संध्याकाळी मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. दिवसातलं तेवढंच त्यांचं स्वतःचं होतं. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

येते मुद्द्यावर. येतेच.

नणंद आली होती. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि मामा तिला सांगत होते, “सून गुणाची हाय, शोभा. पण तिला कान न्हाई. माझं मन राखायला बसती बिचारी.”

बिचारी! शेरडाला शिंगं कळतील पण सुनेला नाही, असंच ना? त्यांची घाण काढली त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं, पण हे जिव्हारी लागलं. त्या घरात एक गोष्ट माझी होती आणि तीच त्यांनी लेकीसमोर काढून घेतली. मी हसून चहा दिला. वरून बिस्किटंही दिली.

नणंद गेली. संध्याकाळी मी सिनेमा लावला. व्हायोलिनं घुटमळायला लागली. मामांचे ओठ ओ देण्यासाठी जरासे उघडले होते. मी रिमोट उचलला आणि दोन्ही शिंगं ओलांडून सिनेमा पुढे ढकलला. थेट तोफांवर.

त्यांनी डोळे उघडले. “हाळी काहून आली न्हाई?”

“आली की मामा. आत्ताच तर वाजली. तुम्हाला ऐकू नाही आली?”

 ते म्हणाले, “पुन्यांदा लाव बरं.”

इथे थांबता आलं असतं. एकदा झालं ते रागाच्या भरात, असं म्हणता आलं असतं. मी मागे नेलं. त्यांनी उजवा हात कानामागे धरला, मान टीव्हीकडे वळवली. आणि मी पुन्हा तेच केलं. शांतपणे. वर म्हणाले, “वय झालं मामा, चालायचंच.”

“व्हय,” ते म्हणाले. “चालायचंच.”

सकाळी सांगून टाकू, असं ठरवून झोपले. हसतील, रागावतील, काय व्हायचं ते होईल. सकाळी त्यांच्यासाठी दूध घेऊन गेले तर ते नणंदेशी फोनवर बोलत होते. “मी कालच्याला चुकीचं बोललो गं. कान माझाच गेला. तिला बराबर ऐकू येतं, मलाच न्हाई.”

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी दूध ठेवलं आणि भांडी घासायला गेले.

नंतर त्यांनी तो सिनेमा कधीच लावायला सांगितला नाही. मीही विचारलं नाही. कुणी भेटायला आलं तर ते सांगायचे, “बाकी ऐकू येतं, तेवढंच गेलं.” मग बाकीच्यावरचाही त्यांचा भरवसा उडाला. दारात कुणी हाक मारली तरी ते आधी माझ्याकडे पाहायचे—खरंच मारली का, म्हणून. मी मान हलवल्याशिवाय ओ देईनात. कानाच्या डॉक्टरकडे नेऊ या, असं नवरा दोनदा म्हणाला. मीच टाळलं. तपासलं असतं तर कान ठीक निघाले असते ना.

दोन वर्षं ते असेच जगले. स्वतःच्या कानांपेक्षा त्यांचा माझ्यावर जास्त विश्वास होता. त्याच विश्वासानं गेले.

पेनड्राइव्ह अजून आहे. एकदा घरात कुणी नसताना मी लावला. व्हायोलिनं घुटमळली, थांबली. लांबून हाळी आली—स्वच्छ, मोठी, बहिऱ्यालाही कळावी अशी. मग ती शांतता. मी ओ द्यायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. फुटायला नकोच होता. ती ओ माझी नव्हती.