ज्वारीच्या दाण्याएवढी आई

नात मोबाईलवर व्हिडिओ दाखवते, तेव्हा माणसांच्या तोंडाचे नुसते चौकोन होतात. ती म्हणते, आजी, पाठवताना दाबून लहान केला, त्यात गेलं ते गेलं. आता पडदा केवढाही घे, परत यायचं नाही. मी मान डोलावते. हा धडा मी खामगावात शिकले, तोही फोटोवाल्याचं डोकं खाऊन.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं लग्न झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. तिचा फोटो एकच, माझ्या लग्नातल्या घोळक्याचा. मधोमध मी, मुंडावळ्यांसकट, भोपळ्याएवढी. आई कडेला मांडवाच्या खांबाजवळ, तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं.

मी सातवी पास, म्हणजे शहाणपणाची खाणच. वडनेरला सासरच्या गल्लीत सांगून बसले, की फोटो मोठा केला म्हणजे आईच्या हनुवटीवरचं गोंदणसुद्धा दिसेल.

लग्नात फोटो काढणाऱ्या खामगावच्या फोटोवाल्यानंच तो मोठा केला, तर आई धुरकट. मी म्हटलं, आणखी मोठा करा. त्यानं केला, तर नुसते तिळाएवढे ठिपके. त्यातच नाक खुपसून मी गोंदण शोधून काढलं. त्यानं फुंकर मारली, गोंदण उडालं. मागे आमचे हे खोकल्यासारखं करत हसत होते.

तो म्हणाला, “बाई, फोटो काढतानी आतल्या काचेवर तुमच्या आईले जेवढी जागा भेटली, तेवढ्यातच त्या मावल्या. मी कागद मोठा करतो. आई कुठून मोठी करू?”

मग कुंचल्यानं नाक-डोळे भरून देतो म्हणाला. भिंतीवर त्यानं भरलेल्या बायका टांगल्या होत्या. सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. मला एकदम भीती वाटली. हे डोळे रोज बघितले, तर आईचे खरे डोळे मी विसरेन. नको म्हटलं, आणि तो धुरकटच घेऊन आले.

सासूबाई म्हणाल्या, “हे आई हाय का आभाळ आलं वो?” गल्लीत तर मला तोंड दाखवायची सोय उरली नाही. घरातल्या पार शेवटच्या भिंतीवर, अंधारात, मी तो फोटो टांगून टाकला.

दिवाळीच्या सुमारास माहेरहून बाबा आले. ओट्यावर बसून चहा पिता पिता त्यांची नजर दारातून आत, ऊन पोचलेल्या त्या भिंतीवर गेली. आता विचारतील, असला कसला फोटो आणला, असं मला वाटलं. बाबांनी बशी खाली ठेवली.

“पाह्य न माय,” ते मला हळूच म्हणाले, “पदर सावरून राह्यली.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन तेवढ्याच लांबून पाहिलं. डोळे नव्हते, गोंदण नव्हतं. पण डोक्याशी गेलेला हात, जराशी कललेली मान. परका माणूस समोर आला की आई अशीच उभी राहायची.

बाबा थोडे सरकले आणि मला ओट्यावर जागा करून दिली.