भांडुपचा कोंबुचा अंधेरीत

भांडुप सोडलं त्या सकाळी मी एक शहाणपणा केला. शेजारच्या मंदावहिनींनी निघताना हातात दिलेल्या कोंबुचाच्या बरणीच्या तोंडाला सुती फडकं बांधलेलं होतं. रस्त्यात सांडेल म्हणून मी ते काढलं आणि झाकण घट्ट आवळलं. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर बरणी. पवईजवळ गाडी अडकली, ऊन चढलं, बरणी हिंदकळून हिंदकळून फुगल्यासारखी वाटायला लागली. मी झाकण जरा सैल केलं मात्र, आंबट फेस फस्सकन माझ्या शर्टावर आणि तिथून ड्रायव्हरच्या पँटवर. त्याने वास घेतला आणि एकदम आदराने विचारलं, "घर की है क्या, अंकल?"

तर असं आमचं स्थलांतर. भांडुपच्या शेजाऱ्यांनो, तुमच्यातले जे कॅनडाला गेले ते हसतील. भांडुप ते अंधेरी, याला कोण स्थलांतर म्हणतं? पण आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि महिन्याभरात सगळे पांगलो. निम्मे मुलुंडला, मंदावहिनी मुलाकडे नाशिकला, आणि आम्ही दोघं नवराबायको अंधेरीत, अकराव्या मजल्यावर. भांडुपला आमची दारं फक्त झोपताना बंद व्हायची. इथे लॉबीत चार दारं आहेत आणि चारही कायम बंद. सुषमाने पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता, "इथे माणसं राहतात की नुसत्या चपला?"

अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं तेव्हा घरमालक विचारायला लागला, वाढवायचं का? सुषमाचं म्हणणं, मुलुंडला जाऊ, आपली माणसं तिथे आहेत. माझं ऑफिस एमआयडीसीत, घरापासून चालत. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच ऑफिसहून घामाघूम न होता घरी येत होतो. मी तोंडाने काही बोलत नव्हतो, म्हणजे अंधेरीच म्हणत होतो, आणि ते तिला नीट कळत होतं.

कोंबुचा म्हणजे साखर घालून आंबवलेला कोरा चहा. तो आंबवतो एक जाडसर, बुळबुळीत थर, घावन पाण्यात पडल्यासारखा दिसणारा. नाशिकला जायचं म्हणून मंदावहिनींनी तो आम्हाला दिला, स्वतःला ठेवला नाही. तेव्हापासून तो जुन्या आंबट चहात ओट्याच्या कोपऱ्यात नुसता पडून होता. सुषमा त्याच्याकडे बघायचीही नाही. मग एका रविवारी मीच कामाला लागलो. मनात साधा हिशेब होता. मंदावहिनींचा थर या घरात जगला तर मला बोलायला तोंड राहील. मेला तर मुलुंड.

पहिल्यांदा करणाऱ्यांनो, ऐका. चहा पूर्ण गार होऊ द्यायचा. मी बोट बुडवून विरजणाच्या दुधासारखा कोमट केला, हे पहिलं चुकलं. वर फडकं बांधून हवेशीर ठेवायचं. मी जुन्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवलं, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे, आई कणकवलीला सांगायची, "दही लागलां काय ता भांडा कलता करून बघ." मी रोज सकाळी बरणी कलती करून बघत होतो. वर साईसारखा पातळ पापुद्रा धरायचा, माझ्या हाताने फाटायचा आणि तळाशी जायचा. आठवड्याने बघतो तर मूळ थरही तळाला, त्याला काळपट शेवाळ्यासारखे धागे लोंबताहेत, आणि वास जुन्या चिंचेचा. वाट लागली.

शेवटी मी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला आणि बरणी कॅमेऱ्यासमोर धरली. मंदावहिनींनी डोळे बारीक करून पाहिलं. "भावजी, काही मेलेलं नाही. धागे येतातच, थर खाली बसतोसुद्धा. कोरडी, केसाळ बुरशी धरली तरच फेकायचं. तुम्ही फक्त त्याला हात लावू नका. सुषमा कुठाय?"

सुषमा मागेच उभी होती. तिने फोन घेतला आणि दोघी बराच वेळ बोलल्या, निम्मं माझ्याबद्दल. मग तिने शाल सोडली, बरणी उन्हापासून लांब, हवेशीर जागी ठेवली आणि मला ओट्याकडे यायची बंदी घातली.

दुसऱ्या आठवड्यात बरणीत नवा, पांढराशुभ्र थर धरला. चव झकास, ताकाइतकी आंबट आणि जिभेला किंचित चावणारी. वास मात्र थेट लॉबीपर्यंत. म्हणून एका संध्याकाळी बेल वाजली आणि समोरच्या मिश्राबाई दारात दिसल्या, तेव्हा मी तक्रार ऐकायच्या तयारीनेच गेलो. त्या मला ओलांडून आत बघत होत्या. "भाभी, कांजी डाली है क्या? मेरी माँ के घर ऐसी ही खुशबू आती थी." कांजी म्हणजे त्यांच्याकडचं, मोहरी घालून आंबवलेलं गाजराचं पाणी.

सुषमाने त्यांना आत बसवलं. आपल्या भांडुपच्या हिंदीत कोंबुचा समजावला, "ये ना, चाय को विरजण लगाया है." एक ग्लास दिला. मग जुना थर एका काचेच्या भांड्यात काढला, वर थोडा आंबट चहा ओतला, फडकं बांधलं आणि त्यांच्याबरोबर समोर गेली. ती बऱ्याच वेळाने आली. तोवर मी दार उघडंच ठेवून बसलो होतो, आणि आतल्या खोलीत न जाता दाराशीच खुर्ची का ओढली ते माझं मलाही कळलं नाही. समोरच्या घरातून तिचा आवाज येत होता, भांडुपच्या जिन्यात यायचा तसाच, जरा चढा. घर म्हणजे काय हे मला विचाराल तर मी एवढंच सांगेन, बायकोचा आवाज शेजाऱ्यांकडून ऐकू येतो ते.

आत आल्यावर तिने ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, "पहिल्यांदा त्यांचंही बिघडणारच. मग त्या विचारायला कुठे जाणार, मुलुंडला? घरमालकाला कळवून टाका, राहतोय म्हणून."