तक्ता मीही वाचला होता

"फळ्यावरचं दिसतं आणि हातातलं पुस्तक दिसत नाही? कुणाला शिकवतेस?"

असं म्हणून गुरुजींनी पुस्तक माझ्या नाकाला टेकवलं. तिसरीचा वर्ग. वाचताना मी पुस्तक हातभर लांब धरायची, म्हणून ही शिक्षा. सगळी पोरं हसली. पानावर मला नुसता काळा चिखल दिसत होता. फळ्यावरचं मात्र शेवटच्या रांगेतून घडाघडा वाचायची. अक्षरं मी फळ्यावरच शिकले होते.

मग शाळेत डोळे तपासायला माणसं आली. भिंतीवर तक्ता लावून मला लांब उभं केलं. अगदी खालची बारीक ओळही मी वाचली. गुरुजींना तेवढंच हवं होतं.

"डोळे ठणठणीत आहेत. सोंग आहे सगळं. मेंढरांमागं फिरणाऱ्यांना अक्षर सोसत नाही."

माझ्या वडिलांना, आबांना, शाळेत बोलावलं. मोहोळच्या बाजारातून ते तसेच आले, खांद्यावर घोंगडं. सगळ्या वर्गादेखत त्यांनी हात जोडले. "गुर्जी, पोरीचं चुकलं. माफ करा."

माझं काय चुकलं होतं? त्यांना माहीत नव्हतं. मलाही नाही. घरी जाताना एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे शाळा. तुजी नजर मेंढरांसाटी लई झ्याक हाय की." माळाच्या पार त्या टोकाला चरणारं आमचं मेंढरू मी ओळखायची, याचं त्यांना कौतुक होतं. माझी शाळा तिथंच संपली.

लग्न होऊन सोलापुरात आले, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला लागले. शिवताना डोकं ठणकायचं. शेवटी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून डोळे तपासले. दुसऱ्या खेपेला जड फ्रेम चढवून एकेक भिंग बदललं आणि छापील कागद हातात दिला. ओळ न ओळ दिसली. हात लांब न करता.

"हा नंबर लहानपणापासूनचा असणार," त्या म्हणाल्या. "डोळ्याचा गोळा जरा आखूड आहे. चित्र पडद्यावर पडायच्या ऐवजी मागं जातं. मधे फुगीर असलेलं भिंग ते पुढं आणतं."

"मग मला लांबचं कसं दिसायचं?"

"लहान मुलाचा डोळा ताण देऊन तेवढं सांभाळून घेतो. जवळचं बघायला फार जोर लागतो. तिथं तो कमी पडतो. थेंबांनी तो ताण सैल होतो, तेव्हाच खरा नंबर कळतो, नुसत्या तक्त्यावर नाही."

इतकंच होतं. एक भिंग. मी तिथंच हमसून रडले. आबा आपली पोरगी मठ्ठ आहे असं समजूनच गेले. आता त्यांना कोण सांगणार?

यंदा माझी लेक दुसरीत आहे. तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

"फळ्यावरचं वाचते, पुस्तक काढलं की नाटकं. घरी शिकलेलं कोणी नाही ना, मग असंच होणार. तिला वर्गासमोर माफी मागू दे."

लेक माझ्या पदराआड उभी होती. माझे हात आपसूक वर आले, छातीपर्यंत. तिथंच मला आबा दिसले. मी हात खाली घेतले.

"ती माफी मागणार न्हाय. मी बी न्हाय. उद्या थेंब घालून तिचं डोळं तपासून आणते. तवर तिला कुणी सोंगाडी म्हणायचं न्हाय."

"अहो, शाळेतल्या तपासणीत तिनं सगळा तक्ता वाचलाय."

"मी बी वाचला हुता."

लेकीचा हात धरून मी बाहेर पडले. आबांनी जोडलेले हात आता मला सोडवता येणार नाहीत. पण न केलेल्या चुकीसाठी आमच्या घरातले हात पुन्हा जोडले जाणार नाहीत.