डोंगरापलीकडचा ऑक्सिजन

मी भारतीय सैन्याच्या सिग्नल्स शाखेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्जलेखनाचा व्यवसाय केला. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. तथापि माझ्या मसुद्यात खाडाखोड करण्याचे धाडस कोणत्याही अव्वल कारकुनाने केले नाही, हे नमूद करणे आवश्यक समजतो. पत्नी सुनीता ही परिचारिका. तिला आयर्लंडच्या उत्तर टोकाला, डोनेगलमधील एका लहान गावच्या वृद्धाश्रमात नोकरी मिळाली आणि मी आश्रित म्हणून सोबत आलो. माझ्या आयुष्यातील ही अखेरची पोस्टिंग.

आल्याबरोबर मी गावाची रेकी केली. दुकान एकच, पोस्ट त्याच्याच काउंटरवर, गमबूट आणि खताच्या गोण्या मागे, पेट्रोल पंप पुढे. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस. ग्रंथालय व्हॅनमधून येते. बस सकाळी लेटरकेनीला जाते, संध्याकाळी परतते. रस्त्यावरचे दिवे चर्चपाशी संपतात. पुढे डोंगर, आणि डोंगरापलीकडे वृद्धाश्रम. या गैरसोयींबाबत मी कौन्सिलला सविस्तर अर्ज लिहिला. दुकानदारीणबाईंनी तो वाचून "ग्रँड आहे", म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक आहे', असा शेरा दिला.

आमचा शेजारी ह्यूई हा आयरिश सैन्याचा निवृत्त कॉर्पोरल. वेगवेगळ्या वर्षी का होईना, आम्ही दोघांनीही संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतर्फे दक्षिण लेबनॉनमध्ये ड्यूटी केली होती. त्यामुळे तो मला 'हवालदार' म्हणे, मी त्याला 'कॉर्पोरल'. त्याची थोरली बहीण नोरा वृद्धाश्रमात होती. तिची फुप्फुसे निकामी झालेली. विजेवर चालणाऱ्या ऑक्सिजनच्या यंत्रावर तिचा श्वास चाले.

जानेवारीत वादळ आले. सकाळी उजाडले तेव्हा वीज नव्हती, मोबाईल बंद होते आणि डोंगराच्या रस्त्यावर पाइनची झाडे आडवी पडली होती. वृद्धाश्रमाचा जनरेटर सुरू होईना. तेथील स्वयंपाकीणबाईंचे पती मच्छीमार. त्यांच्या बोटीचा वायरलेस सेट बाईंच्या गाडीत होता. त्यावरून रात्रपाळीवर असलेल्या सुनीताने बंदरावर निरोप दिला: नोरासाठी एकच सिलिंडर उरला आहे. भरलेले सिलिंडर गावातल्या आरोग्य केंद्रात होते. म्हणजे रस्ता वेळेत उघडला तर नोरा जगणार होती.

मी कौन्सिलच्या अधिकाऱ्यांच्या नावे तातडीचा मसुदा घेऊन बाहेर आलो. ह्यूई सिलिंडर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांधत होता.

"कॉर्पोरल, रस्ता मोकळा करण्याची ऑर्डर कोणी दिली?"

"झाडाने दिली," तो म्हणाला. "तुझ्या कागदाला धार असेल तर घे बरोबर. नाहीतर चेनसॉ घे."

मी चेनसॉ घेतली.

डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो आणि मी थक्क झालो. मासेमार, शाळेचे मुख्याध्यापक, दुकानदारीणबाई, सगळे हजर. कोणी कोणाला बोलावले नव्हते. फॉलइन नाही, रोलकॉल नाही. एक जण कापी, दोघे ओढत, चौथा साखळी लावी; थकलेल्याच्या हातातून करवत दुसरा न बोलता घेई. मी बटालियनच्या बटालियन हलताना पाहिल्या आहेत. कमांडरविना इतकी शिस्त पाहिली नव्हती.

माझ्याकडे बंदरावरून आणलेला सेट होता. मी नियमानुसार वृद्धाश्रमाला कॉल केला.

"होम, होम, धिस इज रोड पार्टी. सिच्युएशन सांगा. ओव्हर."

"अहो, ओव्हर काय ओव्हर! नोराबाईंच्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेलाय. कुठवर आलात?"

"अखेरच्या झाडापाशी. ओव्हर."

"मग बोलत काय बसलात? कापा!"

ह्यूईला मराठी येत नव्हते. तरी तो म्हणाला, "तुझी कमांडिंग ऑफिसर बरोबर सांगते आहे."

अखेरचे झाड सर्वांत जाड होते. ते पुरते बाजूला होण्याची वाट ह्यूईने पाहिली नाही. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेतला, बुंध्यावरून पलीकडे उतरला आणि चढ चढू लागला. मी दुसरा घेतला. तो माझ्याहून वयाने बराच मोठा. मला त्याला गाठता आले नाही.

सुनीताने सिलिंडर जोडला. नोराच्या ओठांचा निळा रंग हळूहळू ओसरला. ह्यूईने तो ओसरताना पाहिला, "ग्रँड" म्हणाला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. स्वयंपाकीणबाईंनी चहा दिला. तो पिऊन होण्यापूर्वीच ह्यूई कलंडला. सुनीताने बराच वेळ छाती दाबली. उपयोग झाला नाही.

येथील रिवाजाप्रमाणे ह्यूईची शवपेटी दोन दिवस घरी ठेवली. सारा गाव येऊन नोराच्या हातात हात देऊन गेला. अंत्ययात्रेत खांदा देण्याची परवानगी एका परदेशी माजी सैनिकाला मिळावी, असा विनंतिअर्ज मी तयार केला होता. तो घेणारे कोणतेही कार्यालय नव्हते. नोराने चाकाच्या खुर्चीतून माझ्या छातीवरची पदके पाहिली आणि ती म्हणाली, "हवालदार, तिकडे काय उभा आहेस? पुढच्या सहांत जा."

चर्चपासून दफनभूमीपर्यंत पेटी खांद्यांवरूनच जाते. सहा माणसे चालतात, मागची सहा बदली करतात. शब्द उच्चारत नाहीत. मागून कोपराला हात लागला की जागा द्यायची.

माझ्या कोपराला दोनदा हात लागला. पहिल्या वेळी मी जागा सोडली नाही.